दवाखाना जवळ आहे, मग उपचार दूर का? आरोग्यसेवेच्या न्याय्य संधीकडे समाजशास्त्र कसं पाहतं

सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव हे तालुक्याचं गाव. साताऱ्यापासून साधारण वीस किलोमीटर. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर स्टेशन आहे, एसटी आहे, गावात सरकारी रुग्णालय आहे, खासगी दवाखान्यांच्या पाट्याही भरपूर आहेत. नकाशात पाहिलं तर इथल्या माणसाला उपचार मिळण्यात फारशी अडचण दिसत नाही.

आता या एकाच तालुक्यातल्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. दोघींचं वय तीस, दोघींनाही महिनाभर अंगावरून जातंय, पोटात दुखतंय. एकीचं घर कोरेगावच्या बाजारपेठेत, नवरा शिक्षक. दुसरी बीडकडून ऊसतोडीला आलेली, शेताच्या कडेला कोपीत राहणारी. सरकारी दवाखाना दोघींपासून सारख्याच अंतरावर आहे. पहिली दोन दिवसांत डॉक्टरकडे जाईल. दुसरी बहुधा हंगाम संपेपर्यंत जाणार नाही.

अंतर सारखं, आजार सारखा, मग फरक कुठून आला? वैद्यकशास्त्राकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. ते शोधण्याचं काम समाजशास्त्राची एक शाखा करते. तिला आरोग्याचं समाजशास्त्र म्हणतात.

समान आणि न्याय्य, दोन्ही एकच का?

नाही. प्रत्येकाला तेवढंच देणं म्हणजे समानता. ज्याला जेवढी गरज, त्याला तेवढं मिळणं म्हणजे न्याय्यता. दर तीस हजार लोकांमागे एक दवाखाना बांधला की समानता झाली. पण त्या तीस हजारांत जे जास्त आजारी आहेत, जास्त कष्ट करतात, ज्यांच्याकडे गाडी नाही, ते खरंच दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतात का, हा न्याय्यतेचा प्रश्न आहे.

कागदावरचा हिशेब

भारतातल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेचा आराखडा भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचं मूळ तत्त्व. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पनाही तिथूनच रुजली.

आज सपाट भागासाठीचा निकष असा आहे: ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र. महाराष्ट्रात या तिसऱ्या पायरीला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणून ओळखतो. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हे आकडे अनुक्रमे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार कोरेगाव तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. म्हणजे निकषानुसार तालुक्याला साधारण पन्नास उपकेंद्रं, आठ-नऊ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दोन ग्रामीण रुग्णालयं हवीत. पण या भागाकारात एक गृहीत धरलेलं आहे, ते म्हणजे तालुक्यातला प्रत्येक माणूस सारखाच आहे. कोरेगाव तालुक्याचाच विचार केला तर रहिमतपूरकडचा बागायती पट्टा वेगळा आणि वाठार स्टेशन, पिंपोडे, देऊरकडचा कमी पावसाचा उत्तर भाग वेगळा. घेवड्याच्या जिवावर वर्ष काढणारं घर आणि उसाचं बिल घेणारं घर यांच्या हातात आजारपणासाठी सारखा पैसा नसतो. शिवाय जनगणनेत न मोजलेली माणसं हंगामात तालुक्यात येतात, ती या हिशेबात कुठेच नाहीत.

'पोहोच' म्हणजे नेमकं काय?

१९८१ मध्ये पेन्चान्स्की आणि थॉमस या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी या शब्दाची फोड केली. त्यांचं म्हणणं होतं की सेवा मिळणं ही एक गोष्ट नाही, पाच वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. सेवा उपलब्ध हवी, तिथवर जाता यायला हवं, तिची वेळ आणि पद्धत माणसाच्या सोयीची हवी, ती परवडायला हवी आणि तिथली वागणूक माणसाला मान्य होईल अशी हवी.

वाचायला सोपं वाटतं, पण गावात लावून पाहिलं की एकेक मुद्दा बोलू लागतो.

उपलब्धता म्हणजे नुसती इमारत नव्हे. डॉक्टरचं पद भरलेलं आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, सोनोग्राफी मशीन असेल तर ते चालवणारा माणूस आहे का? भूलतज्ज्ञ नसेल तर ऑपरेशन थिएटर असूनही सिझेरियन होत नाही आणि बाळंतिणीला 'साताऱ्याला घेऊन जा' असं सांगितलं जातं.

जाता येण्याचं म्हणाल तर किलोमीटर हे चुकीचं माप आहे. मोटारसायकल असलेल्या घराला वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास. एसटीवर अवलंबून असलेल्या म्हातारीला तेच वीस किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस. गाव फाट्यापासून आत असेल तर फाट्यापर्यंतची चाल वेगळी.

सोयीचा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी सुरू होते. शेतमजुरीची वेळही तीच. म्हणजे मोफत केसपेपर काढायचा तर त्या दिवसाचा रोज बुडवायचा. खासगी डॉक्टर संध्याकाळी सात-आठपर्यंत बसतो, म्हणून पैसे मोजून माणूस तिकडे जातो. 'सरकारी फुकट असून लोक खासगीत का जातात' असा प्रश्न सोशल मीडियावर अनेकदा विचारला जातो. लोकांना सरकारी नको असतं असं नाही, बऱ्याचदा त्यांना फक्त वेळ जुळत नाही.

परवडण्याचा आणि वागणुकीचा मुद्दा मोठा आहे, त्यावर पुढे येऊच.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये 'तीन उशीर' ही मांडणी केली. दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, तिने दुसरा उशीर बराच कमी केला. पहिला उशीर मात्र रुग्णवाहिकेने कमी होत नाही. कारण तो घरात होतो. सुनेला दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात आहेत, नवरा मुंबईला कामाला असेल तर फोन कुणाला करायचा, यात तो उशीर दडलेला असतो. साताऱ्याच्या कितीतरी गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला आहेत, तेव्हा हा प्रश्न इथे नवा नाही.

आजारी पडायची परवानगी कुणाला?

आता कोपीतल्या बाईकडे परत येऊ.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टाल्कट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये 'रुग्णाची भूमिका' ही कल्पना मांडली. आजारी पडणं ही नुसती शरीरातली घटना नसून ती समाजाने मान्य केलेली भूमिका आहे, असं ते म्हणतात. या भूमिकेत माणसाला दोन सवलती मिळतात: नेहमीच्या कामातून सुटका, आणि आजाराबद्दल दोष न लागणं. बदल्यात दोन जबाबदाऱ्या येतात: बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि जाणकाराकडून उपचार घ्यायचे.

नोकरदार माणसाला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. मेडिकल सर्टिफिकेट, आजारपणाची रजा, 'आराम करा' म्हणणारे सहकारी, सगळं त्यात बसतं. पार्सन्सवर टीका झाली ती इथेच. ही भूमिका सगळ्यांना मिळते असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

ऊसतोडीचं गणित पाहा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या कारखान्यांवर येतात. कोरेगाव तालुक्यात चिमणगावला साखर कारखाना आहे, आसपासच्या तालुक्यांत आणि पुढे कराड-वाळवा पट्ट्यात आणखी कारखाने आहेत. मजुरी जोडप्याच्या हिशेबाने ठरते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून हंगामाआधीच 'उचल' घेतलेली असते, ती तोडून फेडायची. एक दिवस काम चुकलं तर तो 'खाडा' आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

या व्यवस्थेत आजारी पडण्याची सवलतच नाही. उलट आजाराचा दंड आहे. बाई दवाखान्यात गेली तर कोयता अर्धा होतो, म्हणजे नवऱ्याचंही काम अडतं. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवाव्या लागतात. फडाजवळ ना संडास, ना आडोसा, ना पुरेसं पाणी. त्यातून होणारा संसर्ग अंगावर काढला जातो.

याचा शेवट कुठे होतो हे २०१९ मध्ये देशाने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी दिली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. देशपातळीवरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आढळलं होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत वेगळी, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

या आकड्यांकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. पहिली तऱ्हा व्यक्तीला धरते: डॉक्टर लोभी, बाई अडाणी. दुसरी तऱ्हा विचारते की पाळी, पांढरं जाणं, पोटदुखी यांवर साधे उपचार घ्यायला तीन-चार फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीला खाडा पडतो, तेव्हा 'एकदाच काय ते काढून टाकू' हा निर्णय त्या बाईच्या जागी उभं राहून पाहिला तर अडाणीपणाचा वाटतो का? डॉक्टरची जबाबदारी यातून कमी होत नाही. पण ती जबाबदारी निश्चित केली म्हणून खाडा बंद होत नाही. समाजशास्त्रात याला संरचनात्मक हिंसा म्हणतात. कुणी हात उगारत नाही, पण कामाची रचनाच शरीराला इजा करते. पॉल फार्मर या डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञाने हा शब्द आरोग्याच्या चर्चेत रूढ केला.

यात एक गंमतीशीर उलटापालट आहे, अर्थात गंमत कडवट आहे. इथे सेवा मिळाली नाही असं झालेलं नाही. शस्त्रक्रिया झाली. हवी ती सेवा हुकली आणि नको ती मिळाली. न्याय्य संधी मोजताना म्हणूनच नुसते उपचारांचे आकडे वाढले की प्रगती झाली असं म्हणता येत नाही.

नोंदीचाही प्रश्न आहे. गावातली आशा सेविका साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते, तिच्या वहीत गावातल्या गरोदर बायकांची नावं असतात. तोडणीला आलेली गरोदर बाई तिच्या मूळ गावच्या वहीत असते आणि राहायला असते इथे. तिकडची आशा म्हणते बाई गावात नाही, इकडची म्हणते बाई गावातली नाही. नियमाने सरकारी दवाखान्यात बाळंतपण कुणाचंही मोफत आहे, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते स्पष्ट आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी तिच्या कोपीपर्यंत जायला हवं.

जिथे गरज जास्त, तिथे सेवा कमी

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकोरग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात काम करणारे डॉक्टर. १९७१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात 'उलट्या सेवेचा नियम' मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त गरजेची असते तिथेच ती सर्वांत कमी असते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितका हा नियम कडक होतो, असा त्याचा आशय.

सातारा-सांगली पट्ट्यात हा नियम रस्त्यावरून जाताना दिसतो. मिरजेला १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने रुग्णालय सुरू केलं. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. मिरज आज महाराष्ट्रातच नाही तर उत्तर कर्नाटकातही उपचारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कराडला मोठं खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णालयाजवळ रुग्णालय उभं राहतं, लॅब येते, मेडिकल येतं, तज्ज्ञ येतात. डॉक्टरांनाही शाळा, रस्ते, सहकारी जिथे असतील तिथेच राहावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. परिणाम इतकाच की माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतला रुग्ण गाडी करून या शहरांकडे येतो आणि डॉक्टर उलट दिशेला जात नाही.

परवडतं कुणाला?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्के झालं. सुधारणा मोठी आहे. तरीही दर शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस स्वतः देतो, आणि नेमका तेव्हा देतो जेव्हा त्याची कमाई थांबलेली असते.

महाराष्ट्रात या खर्चासाठी तीन सरकारी आधार आहेत आणि लोक त्यांत सारखी गल्लत करतात.

पहिला म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना ती लागू करण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. पण ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीतल्या तपासण्या, गाडीभाडं, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज यांत बसत नाही. गरीब घर कर्जात जातं ते अनेकदा या छोट्या छोट्या खर्चांनीच.

दुसरा, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. इथे 'विभाग' हा शब्द महत्त्वाचा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय या विभागाकडे येतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे आहेत.

तिसरा, धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक न्यासाची मोठी रुग्णालयं सवलती घेतात, त्याबदल्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना ठरली. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल.

योजना असणं आणि ती वापरता येणं यांमधल्या फटीसाठी पिएर बोर्दिये या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा एक शब्द उपयोगी पडतो: सांस्कृतिक भांडवल. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला दाखला लागतो, डॉक्टरशी कसं बोलायचं, 'नाही' ऐकल्यावर पुढे काय विचारायचं, ही सगळी एक प्रकारची पुंजीच आहे. आपल्याकडे तिचं देशी रूप म्हणजे 'ओळख'. साहेबांचा एक फोन, नेत्याची चिठ्ठी, रुग्णालयात कामाला असलेला गाववाला. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण चिठ्ठीने मिळालेली खाट हक्काची राहत नाही, उपकाराची होते. आणि ज्याच्याकडे ओळख नाही, तो रांगेत एक नंबर मागे जातो.

दवाखान्याच्या दारातली जात आणि कलंक

कोरेगाव-साताऱ्याच्या परिसराचा या विषयाशी जुना संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी लहानपणी साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला, म्हणजे खटाव तालुक्यात, जाताना मसूर स्टेशनापासून सोसलेला अपमान सांगितला आहे. त्याच लेखनात पुढे एक प्रकरण आरोग्यसेवेवर आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी दोन रुपये फी घेऊन वस्तीबाहेर तपासायला आला, पण हात लावला नाही. थर्मामीटर त्याने मधल्या एका मुस्लीम माणसाकडे दिलं, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावलं. ती वाचली नाही. त्या शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापलं गेलं होतं.

डॉक्टर होता, फी परवडली होती, थर्मामीटरही होतं. पाचांपैकी चार गोष्टी जुळल्या होत्या.

त्याआधी ३२ वर्षं, याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला उचलून त्यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणलं. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. शाळांच्या इतिहासात सावित्रीबाईंचं नाव घेतलं जातं, आरोग्यसेवेच्या इतिहासात त्या मानाने फारच कमी.

आजचा भेदभाव थर्मामीटरइतका उघड नसतो. तो सुरातून दिसतो. एर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'कलंक' या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यांच्या मते समाज एखाद्या खुणेवरून माणसाची सगळी ओळख ठरवून टाकतो. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करते. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कंडोम वाटणं हा कामाचा एक भाग होता. दुसरा आणि जास्त अवघड भाग होता तो रुग्णालयात माणूस म्हणून वागवलं जाण्याचा. ज्या दारात अपमान होतो तिथे माणूस पुन्हा जात नाही, मग उपचार कितीही मोफत असोत.

कधी कधी अपमानही लागत नाही, नुसतं न विचारणं पुरतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच धरलं जात होतं.

सगळा दोष दवाखान्याचा?

इथे समाजशास्त्रात मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, आरोग्य दवाखान्याच्या बाहेरच ठरतं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो १८४८ मध्ये सायलेशियातली टायफसची साथ पाहायला गेले आणि औषधांऐवजी शिक्षण, चांगली मजुरी आणि लोकशाही असा उपाय सुचवून आले. ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी नोकरांचा मागोवा घेतला गेला. सगळ्यांना नोकरी होती, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत होती, तरी खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले.

दुसरी बाजू म्हणते, हे खरं असलं तरी त्याआड लपून दवाखाने सुधारायचं टाळू नका. साप चावलेल्या माणसाला सामाजिक घटक वाचवत नाहीत, लस वाचवते. सातारा-सांगलीकडे पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा आग्रह जास्त पटतो, कारण खाडा बंद व्हायला वर्षं लागतील, पण फडावर आठवड्याला एक नर्स पाठवायला वर्षं लागायचं कारण नाही.

हक्क कुठे लिहिलाय?

राज्यघटनेत 'आरोग्याचा हक्क' असा स्वतंत्र मूलभूत हक्क नाही. कलम ४७ सरकारला सार्वजनिक आरोग्य सुधारायला सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यायालयांनी मात्र कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आरोग्य वाचलं. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली आणि तातडीचे उपचार नाकारणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे असं ठरवलं. पैसे नाहीत हे सरकारने सांगायचं कारण नव्हे, असंही त्या निकालात आहे.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' हा उपक्रम सुरू झाला. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला गुण देतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडतात. २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या नियमांत बदल झाले. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. पुढच्या वेळी खासगी रुग्णालयात गेलात तर रिसेप्शनच्या मागची भिंत जरूर पाहा.

फुले योजनेबद्दल शंका असेल तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर विचारता येतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, दाखल होण्याआधीच त्याला गाठणं चांगलं. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर आणि बाळंतिणींसाठी १०२. आणि गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला दरवर्षी १० हजार रुपयांपर्यंतचा अबंध निधी मिळण्याची तरतूद आहे. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत कुठल्याही मतदाराला विचारता येतं.